छावणी कधी संपते?



गुड फ्रायडेला आपल्या चर्चमध्ये पवित्र भूमीसाठी वेगळे दान गोळा केले जाते. पोप सहावे पौल यांनी 1974 साली या दानाविषयी सर्व ख्रिस्तसभेला खास पत्र लिहिले होते. मागे एकदा धर्मग्रामातील एका ज्येष्ठांनी आम्हाला चर्चच्या पायरीवर थांबवून विचारले, "फादर, मी पोरगा होतो तेव्हापासून आपण तिकडे पैसे पाठवतोय. मग ते लोक अजून छावणीतच कसे?" प्रश्न टोचणारा होता, पण हेतू वाईट नव्हता. उत्तर शोधण्यासाठी प्रथम कोल्हापूरला जाऊ या.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी 1943 साली पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. सोव्हिएत राजवटीने 1940-41 मध्ये त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेले होते. सुटका झाल्यावर ती इराणमार्गे भारतात पोहोचली. आपल्यासारखीच कॅथलिक माणसे. त्यांना बराकी मिळाल्या, शाळा मिळाल्या, दवाखाना, बाजार आणि प्रार्थनेला जागाही मिळाली. आसपासच्या लोकांना त्यांची भाषा कळत नव्हती, धर्मही वेगळा, तरी ती तिथे सुखरूप राहिली. त्या वेळच्या मुलांपैकी काहीजण 2019 साली, म्हातारपणी, पुन्हा कोल्हापूरला येऊन गेले. मदत म्हणून यात काही उणे काढता येणार नाही.

तरीही त्यांतले बहुतेक आपल्या घरी परतू शकले नाहीत. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टा येथे तीन बड्या नेत्यांनी पोलंडची सीमा सरकवली आणि त्यांची गावे सोव्हिएत संघात गेली. 1947-48 मध्ये छावणी रिकामी झाली, ती माणसे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगून.

मग त्याच जागी फाळणीमुळे सिंध सोडून आलेले निर्वासित राहायला आले. आज त्या वस्तीला गांधीनगर म्हणतात. लग्नाचा बस्ता बांधायला लोक तिथल्या घाऊक कापडबाजारात जातात. आपल्याच ठाणे जिल्ह्यात याचे मोठे उदाहरण आहे. कल्याणजवळचा लष्करी कॅम्प सिंधी निर्वासितांनी भरला आणि 1949 साली त्याचे उल्हासनगर झाले. तिथली माणसे पत्ता सांगताना आजही 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' असे म्हणतात. नावात कॅम्प उरला, छावणी मात्र संपली.

कशामुळे संपली? धान्य आणि कांबळी तर पोलिश लोकांनाही मिळाली होती. सिंधी बांधवांना त्याहून जास्त काही मिळाले: नागरिकत्व, मताचा हक्क, धंद्याची मोकळीक, आणि 1954 च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेबद्दल भरपाई. सिंध त्यांना परत मिळाला नाही, ते दुःख राहिलेच. पण 'आम्ही कुठले?' या प्रश्नाला कायद्याने उत्तर मिळाले.

पॅलेस्टिनी निर्वासितांना नेमके हेच मिळालेले नाही. 1948 च्या युद्धात सुमारे साडेसात लाख माणसांना घरे सोडावी लागली. त्याच डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने ठराव केला की, शेजाऱ्यांशी शांततेने राहू इच्छिणाऱ्यांना परतू द्यावे, न परतणाऱ्यांना भरपाई द्यावी. ठराव कागदावरच राहिला. 1949 साली त्यांच्या मदतीसाठी यूएनआरडब्ल्यूए ही तात्पुरती संस्था स्थापन झाली, आणि तिची मुदत वारंवार वाढवत आजवर आणली गेली. तिच्याकडे नोंद झालेले निर्वासित आता 59 लाखांच्या घरात आहेत. जॉर्डनमध्ये त्यांतल्या बहुतेकांना नागरिकत्व मिळाले. लेबनॉनमध्ये त्यांना स्वतःच्या नावावर घरही घेता येत नाही. गाझातील बहुसंख्य लोक याच निर्वासितांची मुलेनातवंडे आहेत. आणि जिथे प्रभू येशू जन्मला त्या बेथलेहेमला लागूनच धेशे आणि आयदा या छावण्या आहेत.

ख्रिस्तसभेनेही 1949 सालीच, पोप बारावे पायस यांच्या पुढाकाराने, पॅलेस्टाईनसाठी खास मदतकार्य सुरू केले. भारत सरकारने 2018 साली यूएनआरडब्ल्यूएची आपली वार्षिक मदत वाढवून 50 लाख डॉलर केली. हे पैसे वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांवर शाळा चालल्या, मुले जगली. पण प्रीती ही न्यायाची जागा घेऊ शकत नाही. ज्याचे घर गेले त्याला आपण जेवण दिले, तर त्याची भूक भागते. घराचा प्रश्न तसाच राहतो. संत ऑगस्टीन यांच्या मते शांती म्हणजे नुसती सामसूम नव्हे, प्रत्येकाला आपापली योग्य जागा मिळाल्याने येणारे स्थैर्य होय.

ही जागा दोघांनाही हवी आहे, हे विसरून चालणार नाही. कोकणातले बेने इस्रायली, ज्यांना आपल्याकडे 'शनिवार तेली' म्हणत, तेही 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने सुमारे 1200 जणांना ठार मारले, तेव्हा तिथल्या घराघरांत शिरलेली भीती खोटी नव्हती. त्यानंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य खात्यानुसार, ऑक्टोबर 2025 पर्यंत 67 हजारांहून अधिक माणसे मेली. पोप फ्रान्सिस गाझाच्या पवित्र कुटुंब चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांना जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करीत, स्वतः रुग्णालयात असतानाही. 17 जुलै 2025 रोजी त्याच चर्चवर मारा होऊन तिघे दगावले. व्हेटिकनने 1993 साली इस्रायलशी आणि 2015 साली पॅलेस्टाईन राष्ट्राशी करार केले. दोन्ही राष्ट्रे शेजारी नांदावीत, ही तिची भूमिका जुनी आहे.

आपल्या मीरा-भाईंदरमध्ये डोंगरीला बेथलेहेम मातेचे चर्च आहे आणि भाईंदरला नाझरेथ मातेचे. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन बेथलेहेमहून मिसर देशी पळाले, हे आपण नाताळात ऐकतो. त्यापुढचे वचन मात्र नजरेतून सुटते. हेरोद मेल्यावर ते परत निघाले, पण यहुदियात त्याचा मुलगा अर्खेलाव राज्य करतो हे कळताच योसेफ घाबरला, आणि ते नाझरेथला जाऊन राहिले. मिसरात त्यांना कोणीतरी आसरा दिलाच असेल. तरी त्यांचे निर्वासितपण संपले ते बिनधास्त दार लावून झोपता येईल असे गाव मिळाल्यावर.

या आठवड्यात लहान ख्रिस्ती समूहांच्या सभेत मत्तय 2:13-23 वाचावे. अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहणारी कुटुंबे प्रत्येक समूहात आहेत. दरवर्षी सामान बांधताना मुलांना काय सांगावे लागते, हे त्यांना आधी बोलू द्यावे. मग त्या ज्येष्ठांचा प्रश्न चर्चेला घ्यावा. गुड फ्रायडेच्या दानाचे लिफाफे समूहप्रमुखांकडे मिळतील.