एका बटणाला एवढा उशीर का?

बिलिंगच्या प्रोग्राममध्ये एखादी सोय मागितली की "पुढच्या महिन्यात देतो" असे उत्तर मिळते. महिने जातात, सोय येत नाही. व्यापारी बंधू वैतागून म्हणतात, "एक बटण तर घालायचे आहे!" हा उशीर का होतो आणि अशा वेळी दोन्ही बाजूंनी कसे वागावे, हे आज आपण पाहू.

परत आलेल्या मालाचे उदाहरण घेऊ. गेल्या महिन्यात दहा शर्ट नेणाऱ्या दुकानदाराने दोन परत केले. बिलातून दोन वजा केले की झाले, असे आपल्याला वाटते. पण विवरणपत्र भरून झालेले असेल तर ते बिल बदलता येत नाही. क्रेडिट नोट काढावी लागते आणि ती पुढील विवरणपत्रात दाखवावी लागते. शिवाय त्याची उधारी कमी व्हायला हवी. शर्ट चांगले असतील तर साठ्यात जमा, डागाळलेले असतील तर वेगळे. म्हणजे बटण एक, पण त्यामागे चार वह्या. एकीत चूक राहिली तर हिशेब जुळत नाही, आणि कराची नोटीस येते ती व्यापाऱ्याला. म्हणून तपासणीला वेळ लागतो.

यंत्रमागवाल्यांना हे लवकर पटेल. ताणा चढल्यावर कोणी "पन्हा वाढवा" म्हणाले, तर ताणा नव्याने भरावा लागतो.

"मग माणसे वाढवा" असे आपण म्हणतो. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रोग्रामचे काम सांभाळलेले अमेरिकन तज्ज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये आपल्या पुस्तकात अनुभव मांडला, की रखडलेल्या प्रोग्रामवर नवी माणसे घातली तर तो आणखी रखडतो. नव्यांना समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो. अर्धी शिवलेली शेरवानी चार नव्या हातांत दिली तर असेच होईल.

कधी कारण बाहेरचे असते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. खरेदीच्या तपशिलासाठी जीएसटीआर-२ ठरले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते स्थगित झाले. त्यासाठी केलेली मेहनत पडून राहिली.

मात्र कारण खरे असले तरी गप्प बसणे योग्य नाही. प्रोग्रामवाल्याने तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: काम कुठवर आले, काय अडले, आणि तोपर्यंत गिऱ्हाइकाने काय करावे. तारीख खात्री असेल तरच द्यावी. ती टळणार असेल तर आधी कळवावे.

आपणही मागणी तोंडी न सांगता नमुन्याच्या बिलासह लेखी द्यावी. "काम सुरू झाले का?" हे विचारावे. आणि पुढे येणाऱ्या सोयीच्या भरवशावर वर्षाचे पैसे भरू नयेत. आज जे चालते तेवढ्याचीच किंमत करावी.

शिंपी, सुतार, सोनार यांनाही हाच नियम लागू आहे. ईदच्या आदल्या रात्री "कपडे तयार नाहीत" असे सांगण्यापेक्षा आठ दिवस आधी सांगितले, तर गिऱ्हाईक दुसरी सोय तरी करू शकते.