हिरडीचे दुखणे आणि झोपलेले जंतू

गेल्या दिवाळीत आई साताऱ्याहून बेसिंगस्टोकला आली, तेव्हा तिच्या बॅगेत चिवडा, मेतकूट आणि अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या गोळ्यांची दोन पाकिटे होती. "हिरडी सुजली की दोन दिवस घेते, बरे वाटते," असे ती म्हणाली. पण महिन्याभराने दुखणे परत येई. शेवटी तिला इथल्या दंतवैद्याकडे नेले. त्यांनी गोळ्या न देता किटण खरवडून काढले. असे का, हे समजून घेण्यासाठी मी थोडे वाचन केले. मी इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. समजले तेवढे सांगतो.

सकाळी दातांवर जिभेला जो बुळबुळीत थर लागतो, ती जंतूंची वसाहतच असते. तिला बायोफिल्म म्हणतात. हाच थर लाळेतील क्षारांनी कडक झाला की त्याचे किटण होते. सतराव्या शतकात हॉलंडच्या लेव्हेनहूकने स्वतःच्या दातांवरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. व्हिनेगरने बाहेरचे जंतू मेले, आतले जगले, हे त्याने तेव्हाच नोंदवले होते.

या वसाहतीत बाहेरच्या जंतूंना अन्न भरपूर मिळते. आतले उपाशी राहतात. त्यांतले काही मरतात आणि त्यांचे अवशेष शेजाऱ्यांच्या उपयोगी पडतात. उरलेले आपले चयापचय मंद करून जणू झोपी जातात. इथेच खरी मेख आहे. अ‍ॅमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या जातीचे औषध जंतूच्या भिंतीच्या बांधकामात खोडा घालते. पण ज्या घराचे बांधकामच थांबले आहे, तिथले गवंडी पळवून काय उपयोग? औषध संपले की हे झोपलेले जंतू जागे होतात. औषधातूनही तगणाऱ्या अशा मोजक्या जंतूंकडे डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी १९४४ साली लक्ष वेधले होते.

२०११ मध्ये अमेरिकेत जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने उलटी युक्ती केली. त्यांनी झोपलेल्या जंतूंना आधी साखरेसारखे अन्न दिले. त्यांचे चयापचय सुरू होताच जेंटामायसिन हे औषध आत शिरले आणि जंतू मेले! अर्थात, हे वाचून कोणी पेढ्यांचा डबा उघडू नये. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि त्यानेच दात किडतात.

तेव्हा मंडळी, उरलेल्या गोळ्या जपून ठेवू नका आणि मनाने घेऊ नका. अर्धवट औषधाने थर जागेवरच राहतो, शिवाय औषधाला न जुमानणारे जंतू माजण्याची भीती. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या. रोज दोनदा दात घासा, दातांच्या फटीही साफ करा. चेहरा सुजला, ताप आला किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि हो, इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालील मुलांना एनएचएसची दंतचिकित्सा मोफत आहे, तिचा लाभ जरूर घ्या.

आईची हिरडी आता शांत आहे. परत जाताना तिच्या बॅगेत गोळ्यांच्या जागी दातांच्या फटी साफ करायचे छोटे ब्रश होते.