आतड्याच्या कर्करोगाचा सुप्त प्रसार : शोध आणि दक्षता

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग प्राथमिक अवस्थेत आढळला आणि शस्त्रक्रियेने गाठ काढली, की रुग्ण व त्याचे आप्त निश्चिंत होतात. बहुतेकांच्या बाबतीत ही निश्चिंती सार्थ ठरते. तथापि, रसग्रंथींत रोग न आढळलेल्या दुसऱ्या अवस्थेतील रुग्णांपैकीही दर पाचांत सुमारे एकाला तो पुन्हा ग्रासतो. शस्त्रक्रियेपूर्वीच काही रोगपेशी अन्यत्र जाऊन दडलेल्या असतात, हे त्याचे कारण होय.

रसग्रंथींची तपासणी

लंडनचे डॉ. कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली गुदाशयाच्या कर्करोगाची जी वर्गवारी मांडली, तीत रसग्रंथींतील प्रसाराला निर्णायक स्थान होते. आज काढलेल्या आतड्यासोबतच्या किमान १२ ग्रंथी तपासाव्यात, असा दंडक आहे. चारपाचच ग्रंथी पाहून काढलेला 'प्रसार नाही' हा निष्कर्ष भरवशाचा नसतो. ०.२ ते २ मिलिमीटर आकाराचे सूक्ष्म प्रसार नेहमीच्या एका छेदात निसटू शकतात. अधिक छेद घेऊन केराटिन हे प्रथिन रंगवून दाखविणारी तपासणी केल्यास ते उघड होतात.

रक्ताची साक्ष

'सीईए' या प्रथिनाचा शोध १९६५ साली मॉन्ट्रियल येथे लागला. शस्त्रक्रियेनंतर रक्तातील त्याचे प्रमाण वाढू लागणे ही धोक्याची सूचना असते. मात्र धूम्रपानानेही ते वाढते आणि काही रुग्णांत रोग उलटूनही वाढत नाही. गाठीच्या पेशींतून रक्तात उतरणारे डीएनएचे अंश शोधणे, ही नवी पद्धती होय. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात दुसऱ्या अवस्थेतील ४५५ रुग्ण होते. नेहमीच्या निकषांनुसार २८ टक्के रुग्णांना केमोथेरपी दिली गेली. या चाचणीच्या आधारे ती १५ टक्क्यांनाच द्यावी लागली. तरीही दोन वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले. ही चाचणी अद्याप महाग आहे. म्हणून ग्रंथींच्या काटेकोर तपासणीचे मोल कमी होत नाही.

वऱ्हाडातील कर्तव्य

अकोला व अमरावती येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शासनाची जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावती होता. आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ती राज्यभर चालते. परंतु शौचातून रक्त जाणे म्हणजे मूळव्याधच, असे मानून घरगुती उपाय करीत राहणारे आणि कपाशीची वेचणी आटोपल्यावर पाहू, असे म्हणणारे रुग्ण उशिरा पोहोचतात. शस्त्रक्रियेनंतरही पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत सहामाही तपासणी आवश्यक असते.

गावातील शिक्षक व पंचायत सदस्यांनी अशा रुग्णास तपासणीच्या तारखेची आठवण द्यावी आणि विकृतिशास्त्र विभागाचा अहवाल जपून ठेवण्यास सांगावे. त्यात तपासलेल्या ग्रंथींची संख्या नमूद आहे किंवा नाही, हे डॉक्टरांना विचारण्यास संकोच करू नये. पुढील उपचारांचा निर्णय बऱ्याच अंशी त्या आकड्यावर अवलंबून असतो.