एका कोंबडीच्या गाठीची कथा

इ. स. १९०९ चा शरद ऋतू होता. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात रॉकफेलर इन्स्टिट्यूट नावाची वैद्यकीय संशोधनसंस्था होती. तेथे एके दिवशी एक कोंबडी आणण्यात आली. ती प्लिमथ रॉक जातीची होती. तिच्या राखी पिसांवर पांढरे पट्टे होते आणि छातीच्या उजव्या बाजूस एक मोठी गाठ आलेली होती. अशी आजारी कोंबडी पाहून दुसऱ्या एखाद्याने तोंड फिरविले असते. परंतु त्या संस्थेत नुकतेच रुजू झालेले तरुण डॉक्टर पेटन राउस यांनी तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. ती गाठ कर्करोगाची होती. ती कशामुळे उत्पन्न झाली असावी, या प्रश्नाने त्यांच्या मनात घर केले. त्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास पुढे जवळजवळ सत्तर वर्षे लागली. आणि ते ज्या ठिकाणी सापडले, त्या ठिकाणी ते असेल असे खुद्द राउस यांनाही वाटले नव्हते.

कर्करोग म्हणजे काय, हे समजण्यासाठी प्रथम पेशींची व्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. घर जसे विटांचे, तसे शरीर पेशींचे बनलेले असते. माणसाच्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी असतात. त्या नुसत्या विटांप्रमाणे निर्जीव नसतात. जुन्या पेशी मरतात, नव्या जन्मास येतात. बोट कापले, तर जखमेच्या कडेच्या पेशी एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा वाढू लागतात. आणि जखम भरून येताच त्या वाढणे थांबवितात. केव्हा वाढावे आणि केव्हा थांबावे, याची ही शिस्त प्रत्येक पेशी पाळीत असते. कर्करोगात एखादी पेशी ही शिस्त सोडते. गरज नसताना ती वाढत राहते. तिच्यापासून जन्मणाऱ्या पेशीही तशाच बेशिस्त निपजतात. त्यांचीच पुढे गाठ होते. त्यांपैकी काही पेशी मूळ जागा सोडून रक्तावाटे दूरच्या अवयवांत जातात आणि तेथेही बिऱ्हाड थाटतात. म्हणूनच हा रोग घातक ठरतो.

राउस यांनी त्या कोंबडीच्या गाठीचा तुकडा घेऊन तो चांगला कुटला. त्यात मिठाचे पाणी मिसळले आणि ते मिश्रण अतिशय सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळले. त्या गाळणीतून पेशी तर जाऊ शकत नव्हतीच, पण पेशीहून लहान असे जीवाणूही जाऊ शकत नव्हते. खाली जमा झाला तो केवळ स्वच्छ द्रव. तो द्रव त्यांनी निरोगी कोंबड्यांना टोचला. काही दिवसांनी त्या कोंबड्यांनाही तशाच गाठी आल्या! याचा अर्थ एकच होता. जीवाणूंहूनही बारीक असे काही तरी त्या द्रवात होते आणि तेच कर्करोग उत्पन्न करीत होते. आज त्याला विषाणू म्हणतात. राउस यांनी आपला हा शोध इ. स. १९११ मध्ये प्रसिद्ध केला.

परंतु जगाने त्यांची वाहवा केली नाही. कोणी म्हणाले, ही गाठ कर्करोगाची नसेलच. कोणी म्हणाले, कोंबडीचा रोग निराळा आणि माणसाचा निराळा. राउस यांनी उंदरांच्या गाठींवर तसेच प्रयोग करून पाहिले. ते मात्र यशस्वी झाले नाहीत. अखेर त्यांनी ते काम बाजूस ठेवले. तथापि ते निराश होऊन बसले नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर रक्त काही आठवडे टिकवून ठेवण्याची युक्ती शोधून काढली. तिच्यामुळे जखमी सैनिकांसाठी रक्ताचा साठा करणे शक्य झाले. पुढे इ. स. १९३३ मध्ये रिचर्ड शोप या शास्त्रज्ञांनी सशांच्या अंगावर गाठी आणणारा एक विषाणू शोधला, तेव्हा राउस पुन्हा आपल्या जुन्या प्रश्नाकडे वळले.

हळूहळू इतरांचीही मते पालटू लागली. निरनिराळ्या देशांत विषाणू आणि कर्करोग यांचा संबंध तपासला जाऊ लागला. आपल्या मुंबईतही हे काम चालू होते. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात काचपात्रात पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या कर्करोगाचा अभ्यास करताना विषाणूबरोबरच शरीरातील इतर कारणांकडेही त्यांनी लक्ष वेधले. अखेर इ. स. १९६६ मध्ये राउस यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. कोंबडीच्या प्रयोगाला तेव्हा पंचावन्न वर्षे लोटली होती आणि राउस सत्त्याऐंशी वर्षांचे झाले होते.

विषाणूमुळे गाठ होते, हे ठरले. पण विषाणू पेशीत शिरून नेमके करतो काय? हे कळण्यासाठी पेशीच्या अंतरंगात डोकावले पाहिजे.

प्रत्येक पेशीत एक प्रकारचा आज्ञाग्रंथ असतो. त्याला डी. एन. ए. म्हणतात. हा ग्रंथ अवघ्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला आहे. परंतु माणसाच्या पेशीतील या ग्रंथाची लांबी सुमारे तीन अब्ज अक्षरे इतकी असते. त्यातील निरनिराळ्या आज्ञांना जनुके म्हणतात. एका पेशीच्या दोन पेशी होताना हा संपूर्ण ग्रंथ नव्याने उतरवून काढला जातो. एवढे लेखन करताना एखादी चूक व्हावी, यात नवल ते काय! जनुकातील अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणतात.

एका अक्षराने एवढे काय बिघडणार, असे कोणास वाटेल. परंतु मराठीत ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आहे, तो आठवावा. इ. स. १७७३ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. आज्ञापत्रात त्यांना ‘धरावे’ एवढेच लिहिले होते. कोणी तरी ‘ध’ चा ‘मा’ केला आणि ‘मारावे’ असा हुकूम झाला, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, एका अक्षराने आज्ञा कशी फिरते, हे तिच्यावरून चांगले कळते. पेशीच्या ग्रंथातही ‘थांबावे’ या आज्ञेचे ‘वाढावे’ होऊ शकते.

राउस यांना मात्र ही कल्पना पटली नव्हती. कर्करोगाचे मूळ जनुकांतील बदलात आहे, या मतावर त्यांनी नोबेल पारितोषिकाच्या वेळच्या भाषणातही टीका केली. इ. स. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. आणि त्यांच्याच कोंबडीच्या विषाणूने पुढे त्यांचे हे मत चुकीचे ठरविले.

झाले ते असे. या विषाणूतील एकच जनुक गाठ उत्पन्न करते, असे संशोधकांना आढळून आले. ते जनुक गळालेला विषाणू जगे, वाढे. पण त्याच्याने गाठ होत नसे. त्या जनुकाला ‘सार्क’ असे नाव मिळाले. मग हे जनुक विषाणूकडे आले कोठून? सॅन फ्रान्सिस्को येथील मायकेल बिशप, हॅरॉल्ड व्हार्मस आणि त्यांचे सहकारी यांनी इ. स. १९७६ मध्ये या प्रश्नाचे आश्चर्यकारक उत्तर दिले. ते जनुक मूळचे विषाणूचे नव्हतेच! ते निरोगी कोंबडीच्या प्रत्येक पेशीत होते. इतर पक्ष्यांतही होते. पुढे ते माणसातही सापडले. पेशीला वाढीचे संदेश पोचविणे, हे त्याचे रोजचे उपयुक्त काम. पूर्वी केव्हा तरी विषाणूने ते कोंबडीच्या पेशीतून उचलले होते. मात्र उचलताना त्याला आवर घालणारा भाग मागेच राहिला. त्यामुळे विषाणूजवळचे जनुक म्हणजे लगाम नसलेला घोडाच झाले. या शोधाबद्दल बिशप आणि व्हार्मस यांना इ. स. १९८९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

इ. स. १९८२ मध्ये माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगातील एक जनुक तपासण्यात आले. हजारो अक्षरांच्या त्या जनुकात निरोगी जनुकाहून एकच महत्त्वाचे अक्षर निराळे होते. त्यासाठी कोणा विषाणूची गरजही पडली नव्हती. अशा प्रकारे दोन वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या. विषाणू बिघाड घेऊन येवो, अथवा ग्रंथातील अक्षर आपोआप बदलो. रोगाचे मूळ पेशीच्या आज्ञांतच असते.

मग प्रत्येक चुकीतून कर्करोग का होत नाही? कारण पेशीजवळ आपल्या चुका दुरुस्त करण्याची व्यवस्था असते. वाढीला लगाम घालणारी जनुकेही असतात. बहुधा अशा अनेक चुका एकाच पेशीत साठतात, तेव्हाच ती पेशी शिस्त सोडते. त्याला वर्षानुवर्षे लागतात. म्हणूनच हा रोग उतारवयात अधिक आढळतो. तंबाखू आणि तिचा धूर यांतील द्रव्ये मात्र या चुका भराभर वाढवितात. तंबाखू चघळणारा मनुष्य जणू आपल्याच आज्ञाग्रंथावर शाई सांडीत असतो.

माणसाचे बहुतेक कर्करोग विषाणूंमुळे होत नाहीत. परंतु काही होतात. स्त्रियांना होणारा गर्भाशयमुखाचा कर्करोग हा त्यांपैकी एक होय. जर्मनीतील हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी इ. स. १९८३ मध्ये या रोगाच्या गाठीत मानवी पॅपिलोमा विषाणूचा एक प्रकार शोधून काढला. त्यांच्या मतावरही आरंभी फारसा कोणी विश्वास ठेवला नव्हता, इ. स. २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूची तऱ्हा निराळी आहे. तो पेशीतील लगाम घालणाऱ्या प्रथिनांनाच निकामी करतो. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. पण काहींच्या शरीरात तो वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो आणि तेथे धोका उत्पन्न होतो.

शत्रू ओळखला, म्हणजे त्याला दाराशीच अडविता येते. या विषाणूवरील लस इ. स. २००६ पासून वापरात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेने बनविलेली अशीच लस इ. स. २०२३ मध्ये उपलब्ध झाली. ही लस नऊ ते चौदा या वयात, म्हणजे विषाणूशी गाठ पडण्यापूर्वीच, घेणे सर्वांत हितकारक असते. यकृताचा कर्करोग घडवू शकणाऱ्या ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूवरील लस तर आपल्या देशात नवजात बालकांनाही देतात.

या ज्ञानाचा आणखी एक मोठा लाभ आहे. कर्करोगाला लोक पूर्वी दैवाचा कोप किंवा पापाचे फळ समजत. रुग्णाच्या ताटात जेवण्यास, त्याच्याजवळ बसण्यास काही जण भीत असत, अजूनही भितात. परंतु रुग्णाच्या पेशीत जो बिघाड झाला, तो त्याच्या स्पर्शाने, त्याच्या भांड्याने किंवा त्याच्या शेजारी बसण्याने दुसऱ्याला होत नाही. रुग्णाला औषधाइतकीच आपल्या माणसांच्या जवळिकीची गरज असते. अज्ञानापोटी त्याला दूर लोटणे, हे रोगाच्या दुःखात भर घालणे होय.

न्यूयॉर्कमधील ती कोंबडी केव्हाच मरून गेली. तिच्या गाठीने विचारलेला प्रश्न मात्र एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती दिला. राउस यांचे निरीक्षण खरे ठरले, त्यांचे एक मत खोटे ठरले. आणि दोहोंतूनही माणसाचे ज्ञान पुढेच गेले. ज्याने पाहिले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले, त्याची चूकदेखील वाया जात नाही.

स्वाध्याय

१. राउस यांनी गाठीचे मिश्रण गाळणीतून का गाळले? त्यावरून काय सिद्ध झाले?
२. ‘ध चा मा करणे’ या वाक्प्रचाराचा उत्परिवर्तनाशी कोणता संबंध या पाठात दाखविला आहे?
३. विषाणूजवळच्या जनुकाला ‘लगाम नसलेला घोडा’ असे का म्हटले आहे?
४. पुढील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : मनात घर करणे, बिऱ्हाड थाटणे, ठाण मांडून बसणे.
५. शेजारच्या घरी कर्करोगाचा रुग्ण आहे. त्याच्याकडे जाण्यास भिणाऱ्या मित्राची समजूत कशी घालाल, ते आठ-दहा ओळींत लिहा.