कवडीतला जीव

मुलांनो, आमचे घोडेगाव जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. बैलांच्या गळ्यात घालायच्या कवड्यांच्या माळा तुम्हीही पोळ्याला पाहिल्या असतील. एकदा मी अशी माळ वर्गात नेली आणि विचारले, "कवडी कशाची बनते?"

कोणी म्हणाले दगडाची, कोणी म्हणाले हाडाची. आमच्या गावापासून समुद्र फार दूर. मुलांना कसे ठाऊक असणार?

कवडी हे समुद्रातील एका गोगलगायीचे कवच आहे. पावसाळ्यात शेतात दिसणारी गोगलगाय तिची दूरची नातेवाईक. दोघींचा संघ मृदुकाय आणि वर्ग उदरपाद. उदरपाद म्हणजे पोटाकडच्या भागाने सरपटणारे प्राणी.

मोठ्या कवड्यांपैकी एक म्हणजे टायगर कवडी. 1758 साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तिला 'सायप्रिया टायग्रिस' हे नाव दिले. टायग्रिस म्हणजे वाघ. गंमत अशी की तिच्या पाठीवर वाघाचे पट्टे नसून बिबट्यासारखे ठिपके असतात! क्वचित ती 15 सेंटीमीटरपर्यंत वाढते. लक्षद्वीप आणि अंदमानच्या समुद्रात ती आढळते.

दिवसा ती प्रवाळाच्या कपारीत लपते आणि रात्री अन्न शोधायला निघते. त्या वेळी तिच्या शरीराचा मऊ पडदा दोन्ही बाजूंनी वर येऊन कवच झाकतो. त्यामुळे कवचाला ओरखडे पडत नाहीत. हाच पडदा कवचावर नवे थर चढवतो, म्हणून ते काचेसारखे चकाकते. धोका वाटताच पडदा आत जातो. मादी अंडी घातल्यावर त्यांच्यावर बसून राहते, जशी कोंबडी बसते.

माळेतल्या लहान कवड्या एके काळी नाणी म्हणून चालत. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीव बेटांवर काजी होता. तेथे चार लाख कवड्यांना सोन्याचा एक दिनार मिळे, असे त्याने लिहिले आहे. म्हणूनच कांद्याला भाव मिळाला नाही, की आपण 'कवडीमोल' म्हणतो आणि उर्दूत 'कौडियों के मोल' म्हणतात.

शेवटी मी सांगितले, "जीव मेल्यावर वाळूत आणि उन्हात पडलेल्या कवडीची चकाकी जाते. दुकानातली चकचकीत कवडी बहुधा जिवंतपणीच पकडलेली असते."

वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, म्हणजे ती मेलेली नाही, मारलेली आहे."

मुलांनो, समुद्रकिनारी सहलीला गेलात, तर तिचे हे वाक्य आठवा.

स्वाध्याय
1. कवडीचे कवच का चकाकते?
2. 'कवडीमोल' हा शब्द कसा तयार झाला असेल?
3. मुलीच्या शेवटच्या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.