पुडीने दोन दिवसांत गुण आला?

जुना संधिवात मोबाइलवर बघून मागवलेल्या चूर्णाने दोन-तीन दिवसांत पळाला, असं कुणी सांगितलं की मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतो. गाल गोल झालेत का, पावलांवर सूज आहे का, भूक एकाएकी वाढली का, शुगर-बीपी चढलंय का. ‘शंभर टक्के हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळल्याचं तपासणीत अनेकदा उघड झालं आहे. स्टिरॉइडने सूज आणि ठणका झटकन उतरतो, म्हणून चमत्कार वाटतो. महिनोन्‌महिने पोटात गेलं की मात्र हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग बळावतो आणि शरीर स्वतःचं स्टिरॉइड तयार करणं कमी करतं. म्हणूनच अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर हा लेख वाचून ती एकदम बंद करू नका. बीपी कोसळू शकतं. उरलेल्या पुड्या पाकिटासकट डॉक्टरांना नेऊन दाखवा. ते रागावतील, तेवढं ऐकून घ्या.

बाकीच्या थापा ओळखायला सोप्या असतात. ‘आठ दिवसांत एचबीए१सी ९ वरून ६’ असा रिपोर्ट दाखवला की पुढे वाचूच नका. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते, आठवड्यात आकडा एवढा उतरत नाही. मुतखड्याचं म्हणाल तर चार-पाच मिलिमीटरपर्यंतचे बरेचसे खडे आपसूक पडतात, नाव होतं काढ्याचं. डेंग्यूत ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांत बहुतेकांच्या प्लेटलेट आपणहून वाढू लागतात. नेमका तेव्हा पपईच्या पानांचा रस चालू असतो.

मधुमेह, कर्करोग, संधिवात, मोतीबिंदू बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, मग पॅथी कुठलीही असो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

मला सगळ्यात धास्ती वाटते ती टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांची. त्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. एखाद्या नातेवाइकाने शपथेवर औषध सुचवलं, तरी इन्सुलिन एक दिवसही थांबवू नका. ते चुकलं असेल आणि मूल उलट्या करत असेल, पोट दुखतंय म्हणत असेल किंवा त्याला धाप लागली असेल, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.