आगाखान महालातील दोन समाध्या

परभणीहून नगरमार्गे पुण्यास जाताना शहराच्या वेशीशी, येरवड्याजवळ, आगाखान महाल लागतो. तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये, दुष्काळाने गांजलेल्या लोकांना काम मिळावे म्हणून, तो बांधविला. रुंद व्हरांडे, कमानी, विस्तीर्ण बाग. बंदिशाळेचे एकही लक्षण तेथे दिसत नाही. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच महालाभोवती काटेरी तारा आल्या आणि दारी पहारा बसला.

‘छोडो भारत’ ठरावानंतर ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे गांधीजींना मुंबईत अटक झाली. त्यांना व त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई यांना येथे आणण्यात आले. पाठोपाठ कस्तुरबाही आल्या. खटला नाही, शिक्षा नाही, सुटकेची मुदतही नाही! सहा दिवस झाले नाहीत तोच, १५ ऑगस्टला, महादेवभाई हृदयविकाराने गेले. त्यांचे वय अवघे पन्नास. पाच वर्षांनी हीच तिथी स्वातंत्र्यदिन ठरावयाची होती. गांधीजींनी आपल्या हातांनी त्यांच्या देहास स्नान घातले. आवारातच दहन झाले. पुढे गांधीजी रोज फुले घेऊन त्या जागी जात.

बंदिवासात गांधीजी कस्तुरबांना भूगोल शिकवीत. सत्तरी उलटलेल्या त्या विद्यार्थिनीला पंजाबातील नद्यांची नावे काही केल्या पाठ होत नसत आणि परीक्षेच्या वेळी लाहोर ही कलकत्त्याची राजधानी ठरे. पण प्रकृती ढासळत गेली, तशी वही मिटली. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या सायंकाळी, पतीच्या मांडीवर डोके ठेवून त्यांनी प्राण सोडला. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसविली होती. चिता विझेपर्यंत, दिवसभर, ते वृद्ध सहचर तेथून हलले नाहीत. साठ वर्षांचा संसार तेथे संपला होता.

६ मे १९४४ रोजी सकाळी सुटकेचा हुकूम अमलात आला. निघण्यापूर्वी गांधीजी दोन्ही समाध्यांपाशी गेले. त्याच दिवशी त्यांनी सरकारला लिहिले, की ही भूमी आता पवित्र झाली आहे. ती सरकारने ताब्यात घ्यावी आणि तेथे येण्यास वाट ठेवावी. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी महालच राष्ट्राला अर्पण केला. आज तेथे संग्रहालय आहे, आणि समाध्यांकडे जाणारी वाट सर्वांस मोकळी आहे.